गाडीचा पाणीपंप आणि इंजिनाचे शीतलन : स्वतः करावयाची देखभाल

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरकडे, ६ डिसेंबरला दादरकडे आणि १ जानेवारीला भीमा कोरेगावकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग आपण सर्वांनी पाहिली आहे. गावातून निघालेली जीप माणसांनी, अंथरुणांनी आणि शिध्याने भरलेली असते. वर्षभर तालुक्याच्या गावापर्यंत धावणारी ही गाडी त्या दिवशी एका दमात शेकडो किलोमीटर जाते, आणि त्याच दिवशी तिच्या इंजिनाची खरी परीक्षा होते. बॉनेट उघडून, वाफ सोडत रस्त्याच्या कडेला उभी असलेली एखादी गाडी, शेजारी लहान मुले आणि वृद्ध माणसे, हे दृश्य आपल्याला नवे नाही. निवासी शाळेच्या बाबतीत तर प्रश्न आणखी गंभीर असतो. रात्री एखाद्या मुलाला ताप भरला तर त्याला रुग्णालयात नेण्यासाठी शाळेची गाडी हाच आधार असतो. ती गाडी निम्म्या वाटेत थांबणे परवडणारे नसते.

आपल्या शाळेच्या जीपची देखभाल करताना आम्हांला एक गोष्ट वारंवार जाणवली. इंजिन तापून गाडी बंद पडते, त्यापैकी बहुतेक प्रसंग अचानक घडलेले नसतात. यंत्र आधी सूचना देते. ती पाहणारा कोणी नसतो, एवढेच. म्हणून पाणीपंप बदलण्याची रीत आणि शीतलन-यंत्रणेची देखभाल या दोन्ही गोष्टी येथे क्रमाने मांडत आहोत. लांबीच्या दिशेने बसविलेले इंजिन, समोर रेडिएटर आणि पंपाच्या दांड्यावरच पंखा, अशा जुन्या बांधणीच्या जीपला धरून ही माहिती दिली आहे. ग्रामीण भागात अशा गाड्या आजही पुष्कळ आहेत आणि हे काम शिकण्यास त्या सर्वांत सोप्या आहेत.

इंजिन तापते आणि निवते कसे?

इंजिनात जाळलेल्या इंधनाच्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश उष्णतेचेच चाके फिरविणाऱ्या शक्तीत रूपांतर होते. तेवढीच उष्णता धुराबरोबर बाहेर पडते आणि उरलेली इंजिनाच्या धातूत शिरते. ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरमधील वायूचे तापमान २,००० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. धातूतील उष्णता सतत काढून घेतली नाही, तर काही मिनिटांतच पिस्टन फुगून सिलिंडरला घासू लागेल आणि इंजिन जाम होईल.

हे काम सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून फिरणारे पाणी करते. पंप ते पाणी ढकलतो. ते इंजिनातून तापून वरच्या होज पाइपने रेडिएटरमध्ये येते, बारीक नळ्यांतून उतरताना वाऱ्याला आपली उष्णता देते आणि निवून खालच्या होजने पुन्हा पंपाकडे जाते. वाटेत थर्मोस्टॅट नावाचा एक लहानसा दरवाजा असतो. इंजिन थंड असताना तो बंद राहतो, ठराविक तापमानाला आपोआप उघडतो. रेडिएटरचे झाकण हे केवळ झाकण नव्हे, ती दाबाची झडप आहे. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.९ किलो दाब ते आत धरून ठेवते, आणि त्या दाबामुळे साधे पाणीसुद्धा १०० ऐवजी जवळजवळ १२० अंशांना उकळते. झाकणाचे रबर कुजले की हा लाभ नाहीसा होतो. घाटमाथ्यावर तर पाणी १०० अंशांच्याही आधी उकळते. म्हणून घाट चढणाऱ्या गाडीला चांगले झाकण अधिकच आवश्यक असते.

पंपाची रचना आणि त्याची पूर्वसूचना

गॅरेजमध्ये ज्याला ‘वॉटर बॉडी’ म्हणतात तोच हा पंप. त्याचे मुख्य भाग चार : पाणी फेकणारे पात्यांचे चक्र, त्याला फिरविणारा दांडा, दांडा पेलणारे बेअरिंग, आणि पाणी बेअरिंगपर्यंत पोहोचू न देणारे सील. सील आणि बेअरिंग यांच्यामध्ये पंपाच्या पोटाला एक लहान छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. सील झिजून पाणी सुटले, तर ते बेअरिंगमध्ये न शिरता या छिद्रातून बाहेर पडावे, हा त्याचा हेतू. हे पाझरछिद्र म्हणजे पंप बनविणाऱ्याने आपल्यासाठी ठेवलेली सूचनापेटी आहे. त्यातून थेंब पडू लागले, किंवा त्याच्या खाली हिरवट, तांबूस वा पांढरट वाळका ओघळ दिसला, तर सील संपत आले असे समजावे. काही लोक ते छिद्र एम-सीलने बुजवितात. हा फारच घातक उपाय आहे. पाणी मग बेअरिंगमध्ये शिरते, बेअरिंग फुटते आणि पंख्याची पाती रेडिएटरवर आदळून रेडिएटरही निकामी होते.

दुसरी सूचना बेअरिंगची. इंजिन बंद आणि थंड असताना पंख्याचे विरुद्ध टोकांचे पाते दोन हातांनी धरून पुढे-मागे हलवावे. दांडा डगडगला तर बेअरिंग गेले. इंजिन चालू असताना पुढच्या बाजूने घरघर किंवा किरकिर ऐकू येणे, ही तिसरी सूचना.

दोष पंपाचाच आहे काय?

दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण दूर केले की दुःख दूर होते आणि ते दूर करण्याचा मार्ग आहे, ही मांडणी आपल्या शाळेतील लहान विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. यंत्रदुरुस्तीत याच क्रमाचा अवलंब करावा लागतो. गाडी तापते म्हणून लगेच पंप बदलणे, म्हणजे कारण न शोधता मार्गाला लागणे होय. पुढील लक्षणे ताडून पाहावीत.

गाडी केवळ उभी असताना किंवा गर्दीत तापत असेल, तर पंखा अथवा फॅनबेल्ट तपासावा. उभी असताना ठीक, परंतु चढावर किंवा वेगात तापत असेल, तर रेडिएटर तुंबलेले असण्याचा, खालचा होज ओढीने चपटा होत असण्याचा किंवा पंपाची पाती गंजून झिजल्याचा संभव असतो. सुरू केल्यावर थोड्याच मिनिटांत काटा चढतो, पण वरचा होज थंडच राहतो, असे असेल तर थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकलेला आहे. पाणी कुठेही न गळता कमी होते आणि नळीतून पांढरा धूर येत राहतो, किंवा थंड गाडी झाकण उघडे ठेवून सुरू केल्यावर रेडिएटरमध्ये बुडबुडे येतच राहतात, तर हेड गॅस्केट फुटल्याची शंका घ्यावी. पाण्यावर तेलाचा तवंग किंवा इंजिन ऑइलचा रंग दुधट चहासारखा दिसला, तरीही संशय तिकडेच जातो. या शेवटच्या प्रकारात पंप बदलून काहीही साधणार नाही; गाडी जाणत्या कारागिराकडे न्यावी.

कामापूर्वीची दक्षता

तापलेल्या इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. आत १०० अंशांहून अधिक तापलेले, दाबाखालचे पाणी असते. दाब सुटताच ते वाफ होऊन उसळते आणि चेहरा व हात भाजतात. वरचा होज हाताला थंड लागेपर्यंत थांबावे. त्यानंतरही जाड फडके घेऊन झाकण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे आणि दाब उरला नसल्याची खात्री करून मगच काढावे.

गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावावेत आणि बॅटरीची ऋण तार सोडवावी. विजेवर चालणारा पंखा असलेल्या गाडीत हे विसरून चालणार नाही, कारण चावी बंद असतानाही तो पंखा अकस्मात सुरू होऊ शकतो.

निवासी शाळेसाठी आणखी एक सूचना अत्यंत महत्त्वाची आहे. कूलंटमध्ये इथिलिन ग्लायकोल असते. ते चवीला गोडसर आणि जबर विषारी आहे. त्याचा रंग सरबतासारखा दिसतो. मुले, कुत्री आणि गुरे यांच्या हाती किंवा तोंडी ते लागता कामा नये. ते पाण्याच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये. मूळ डबा कुलपात ठेवावा. काढलेले जुने कूलंट गटारात, शोषखड्ड्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, त्यावर ठळक अक्षरांत लिहून, जुने ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.

पंप बदलण्याची रीत

प्रथम रेडिएटरच्या तळाचा निचऱ्याचा नळ उघडून कूलंट स्वच्छ घमेल्यात घ्यावे. नळ गंजून बसला असल्यास जोर न लावता खालचा होज सोडवावा. निघालेल्या पाण्याचा रंग पाहावा. ते विटेसारखे तांबूस असेल, तर इंजिन आतून गंजत आहे.

यानंतर पंख्याभोवतीचे आवरण सोडवावे. आता एक युक्ती. पुलीचे बोल्ट पट्टा काढण्याच्या आधीच थोडे ढिले करून घ्यावेत. पट्टा ताणलेला असतो तोवर तो पुली धरून ठेवतो. पट्टा निघाला की पाना लावताच पुली फिरू लागते आणि काम विनाकारण अवघड होते. मग अल्टरनेटरचा बोल्ट ढिला करून तो इंजिनाकडे ढकलावा, पट्टा उतरवावा आणि पंखा व पुली काढावी. पंखा रेडिएटरच्या जाळीवर घासू नये म्हणून मध्ये पुठ्ठा धरावा.

पंपाचे बोल्ट सारख्या लांबीचे नसतात. लहान जागी लांब बोल्ट गेला, तर तो आतील धातू फोडतो. म्हणून एका पुठ्ठ्यावर पंपाची आकृती काढावी, आणि निघालेला प्रत्येक बोल्ट त्या आकृतीतील त्याच्या जागी टोचून ठेवावा. शिकणाऱ्या विद्यार्थ्याला हे काम अवश्य द्यावे. यंत्राचा नकाशा डोक्यात बसविण्याची ती उत्तम रीत आहे. बोल्ट निघाल्यावरही पंप चिकटून राहिला, तर लाकडी हातोडीने बाजूने हलके ठोके द्यावेत. फटीत स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नये. दोन पृष्ठभागांपैकी एकावर जरी चरा पडला, तरी तेथून पुढे कायम पाणी पाझरते.

सर्वांत अधिक वेळ द्यावा तो पृष्ठभाग साफ करण्याला. इंजिनाच्या छिद्रात फडक्याचा बोळा बसवून जुन्या गॅस्केटचा कण न् कण लाकडी पट्टीने खरडून काढावा, शेवटी बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवावा आणि बोळा आठवणीने काढून घ्यावा. नवा पंप बसवूनही गळती होते, तेव्हा दोष बहुधा पंपात नसतो. तो घाईघाईने साफ केलेल्या या पृष्ठभागात असतो. बोल्टांचे आटेही तारेच्या ब्रशने स्वच्छ करावेत.

बसविण्यापूर्वी नवा व जुना पंप शेजारी ठेवून छिद्रांच्या जागा, दांड्याची उंची, पात्यांची दिशा आणि खोली ताडून पाहावी. जुना पंप फेकण्यापूर्वी नीट न्याहाळावा. पाती गंजून पातळ झाली असतील, तर दोष साध्या पाण्याचा. पाती शाबूत असून बेअरिंग गेले असेल, तर पट्टा फार ताणला होता किंवा पंख्याचे एखादे पाते वाकलेले वा तुटलेले आहे. हे कारण तसेच ठेवले, तर नवा पंपही त्याच वाटेने जातो.

गॅस्केटला पेस्ट लावावयाची की नाही, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. लावावयाची असल्यास थर अगदी पातळ असावा. जादा पेस्ट आत जाऊन रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजविते. एखादा बोल्ट थेट पाण्याच्या पोकळीत उघडत असेल, तर त्याच्या आट्यांना सीलंट लावावे. सर्व बोल्ट प्रथम हातानेच फिरवून बसवावेत. मग समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. एकच बाजू आधी आवळली तर पंप तिरका बसतो. ॲल्युमिनियममधील आटे नाजूक असतात. पुस्तिकेत दिलेला आवळ टॉर्क पान्याने मोजून देणे उत्तम.

पुली, पंखा आणि पट्टा चढवून ताण पाहावा. सर्वसाधारणपणे दोन पुलींच्या मध्यावर अंगठ्याने दाबले असता पट्टा १० ते १२ मिलिमीटर खाली जावा. ढिला पट्टा घसरतो, सैल राहिल्याने पंप आणि अल्टरनेटर दोन्ही मंदावतात. अति ताणलेला पट्टा बेअरिंग खातो.

येथे एक मर्यादा स्पष्ट करणे आवश्यक आहे. अनेक छोट्या मोटारींत पंप टायमिंग बेल्टच्या मागे असतो किंवा त्याच पट्ट्यावर फिरतो. तो पट्टा एक दाता जरी चुकून बसला, तरी इंजिन नीट चालत नाही. अधिक चुकला तर काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. अशा गाडीचे काम जाणत्याच्या देखरेखीखालीच करावे, आणि पंप बदलताना टायमिंग बेल्टही बदलावा.

साधे पाणी का नको?

‘आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला?’ हा प्रश्न आम्हांला नेहमी विचारला जातो. गोठण्यापासून संरक्षण हे कूलंटच्या अनेक कामांपैकी केवळ एक काम आहे. इंजिनाचे लोखंड आणि ॲल्युमिनियम गंजू न देणे, उकळण्याची मर्यादा वाढविणे आणि पंपाच्या सीलची झीज रोखणे, ही त्याची आपल्या हवामानातील खरी कामे आहेत. बोअरच्या पाण्याने घरातील भांड्यांच्या तळाशी पांढरा थर कसा साचतो, ते प्रत्येक गृहिणीला माहीत आहे. तोच थर इंजिनाच्या पोकळीत आणि रेडिएटरच्या नळ्यांत बसतो आणि उष्णता बाहेर पडू देत नाही. म्हणून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर समप्रमाणात मिसळून वापरावे. बाजारात आधीच मिसळलेले कूलंटही मिळते. त्यात आणखी पाणी घालू नये. वेगवेगळ्या प्रकारची कूलंटे एकत्र करू नयेत आणि केवळ रंगावरून प्रकार ठरवू नये.

उन्हाळा आला की थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. तो मानू नये. थर्मोस्टॅटविना इंजिन बराच वेळ थंड राहते, डिझेल अधिक जाळते आणि लवकर झिजते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढल्याने तापलेले पाणी रेडिएटरकडे न जाता आतल्या आत फिरते आणि गाडी उलट अधिक तापते. थर्मोस्टॅट चांगला आहे की नाही, हे पातेल्यात पाहता येते. स्वयंपाकाला न वापरण्याचे पातेले घ्यावे, थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगून पाण्यात बुडवावा आणि पाणी तापवावे. त्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास, बहुधा ८२ किंवा ८८ अंशांना, तो उघडू लागला पाहिजे. विज्ञानाच्या तासाला मुलांना दाखविण्यासारखा हा प्रयोग आहे.

कूलंट भरणे

हीटर असल्यास त्याचा नळ पूर्ण उघडावा. गाडीचे तोंड किंचित उंचावर ठेवून कूलंट सावकाश ओतावे. घाईने ओतले की आत हवा अडकते. हवेचा बुडबुडा जेथे बसतो तेथील धातूला पाणी लागत नाही. झाकण उघडे ठेवून इंजिन मंद चालू द्यावे. थर्मोस्टॅट उघडला की वरचा होज गरम होतो आणि रेडिएटरमधील पातळी उतरते; तेव्हा भर घालून झाकण लावावे. पंपाच्या सांध्याभोवती बोट फिरवायचे ते इंजिन बंद करूनच. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी थंड असताना, पातळी पुन्हा पाहावी आणि गाडीखालची जमीन कोरडी आहे ना, याची खात्री करावी.

देखभालीचा नित्यक्रम

आठवड्यातून एकदा : सकाळी थंड इंजिनावर कूलंटची पातळी पाहून वहीत नोंद करावी. पातळी पुनःपुन्हा उतरत असेल, तर केवळ भर घालून समाधान मानू नये, गळती शोधावी.

महिन्यातून एकदा : फॅनबेल्टला चिरा आहेत का, होज फुगले, मऊ पडले किंवा कडक झाले आहेत का, क्लिपा घट्ट आहेत का, पाझरछिद्र कोरडे आहे का, आणि पंखा डगडगतो का, हे पाहावे.

दर हंगामात : रेडिएटरची जाळी धुवावी. उसाच्या पाचटाचे तुकडे, कापसाचे तंतू, किडे आणि चिखल तिच्यात अडकतात. पाणी कमी दाबाने, इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारावे; जोराच्या फवाऱ्याने पातळ पत्रे वाकतात.

दर दोन वर्षांनी, किंवा पुस्तिकेत सांगितले असेल तेव्हा : कूलंट संपूर्ण बदलावे आणि झाकणाचे रबर व स्प्रिंग तपासावी.

लांबच्या प्रवासापूर्वी ही सर्व तपासणी आदल्या रात्री न करता किमान आठ दिवस आधी करावी, म्हणजे सुटा भाग आणण्यास अवधी मिळतो.

वाटेत काटा चढू लागलाच, तर एसी बंद करून हीटर पूर्ण सुरू करावा. तो इंजिनाची काही उष्णता खेचून घेतो. सुरक्षित जागा मिळताच गाडी थांबवून इंजिन बंद करावे. तापलेल्या इंजिनात किंवा त्यावर थंड पाणी ओतू नये. हेडला तडा जातो. ‘आणखी पाच किलोमीटर’ हा मोह टाळावा. एका पंपाचे काम त्या पाच किलोमीटरमध्ये संपूर्ण इंजिनाचे काम होऊन बसते.

हाताचे ज्ञान

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४२ मध्ये सरकारला सादर केलेल्या निवेदनात अस्पृश्य समाजातील तरुणांसाठी तंत्रशिक्षणाची मागणी केली होती. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत उमेदवार म्हणून त्यांना घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यामागील विचार आजही विसरण्यासारखा नाही. या देशात हाताने काम करणाऱ्याला ज्ञानापासून आणि ज्ञान बाळगणाऱ्याला हातकामापासून शतकानुशतके दूर ठेवले गेले. पंपाचे बेअरिंग का गेले हे ओळखून ते काम स्वतः पूर्ण करणारा विद्यार्थी या दोन्ही गोष्टी एकत्र आणतो. हे काम करताना मुलींनाही बरोबर घ्यावे, केवळ बघे म्हणून उभे करू नये.

तथागतांच्या शिकवणीत अप्रमादाला, म्हणजे सदैव जागरूक राहण्याला, फार वरचे स्थान आहे. यंत्राच्या बाबतीत अप्रमाद म्हणजे आठवड्यातून पाच मिनिटे, एक फडके आणि एक वही. शाळेच्या गाडीची ती वही कार्यालयात ठेवलेली आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे या क्षेत्रात काम करीत आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस येऊन मुलांसमवेत ती तपासावी, एवढी विनंती आम्ही या स्मरणिकेच्या निमित्ताने करतो.